अनुपस्थितांचा उत्सव : महामारीतील ऑनलाइन दर्शनाची एक समीक्षा

महामारीच्या दोन वर्षांत आपले सण-उत्सव तंत्रज्ञानाने जिवंत ठेवले, हे विधान आता इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. देवस्थानांची निवेदने, उत्सव मंडळांच्या स्मरणिका आणि आपल्या विहारांचे वार्षिक वृत्तांत या सर्वांत ते कमीअधिक फरकाने आढळते. विधान खोटे आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु जिवंत ठेवले ते नेमके काय, ते कोणी ठेवले, आणि ज्यांना उत्सवाला जाता आले नाही त्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनाऱ्याच्या अनुभवाच्या आधारे आणि विनयपिटकातील उपोसथविषयक नियमांच्या प्रकाशात या विधानाची छाननी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भराडी देवीची जत्रा आणि भिक्खूंचा उपोसथ यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. श्रद्धाविषयाच्या दृष्टीने पाहिल्यास संबंध काहीच नाही. परंतु ज्या दिवशी सर्वांनी एकत्र यावयाचे त्या दिवशी ज्याला येता येत नाही त्याचे काय करावे, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे; आणि विनयात तो प्रसंगागणिक, अपवादांसह आणि मोठ्या व्यवहारी बुद्धीने सोडविलेला आहे. म्हणून मोजपट्टी तेथून घेतली आहे.

विनयाने विचारलेला प्रश्न

महावग्गातील उपोसथक्खंधकाचा आरंभच बोधक आहे. इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या ठरावीक तिथींना एकत्र जमतात, लोक त्यांचे ऐकावयास जातात व त्यांच्याविषयी आदर बाळगतात. मग आपल्या भिक्खूंनीही तसे का जमू नये, असा विचार राजा बिंबिसाराच्या मनात येतो आणि तो तथागतांच्या कानावर घालतो. त्याप्रमाणे अनुज्ञा मिळते. भिक्खू जमतात, पण मुकाट्याने बसून राहतात. धम्मश्रवणासाठी आलेले लोक साहजिकच नाराज होतात. तेव्हा धम्म सांगण्याची आणि पुढे पातिमोक्खाच्या पठणाची अनुज्ञा होते. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी एकत्र येणे ठरले, तेथे काय म्हणावयाचे ते मागाहून ठरले.

याच प्रकरणात महाकप्पिन थेरांची हकीकत आहे. राजगृहाजवळच्या मद्दकुच्छि मृगदायात असताना त्यांच्या मनात येते की, मी तर परम विशुद्धीस पोचलो आहे, मग उपोसथाला जावे की जाऊ नये? तथागत स्वतः त्यांच्यासमोर येऊन सांगतात की तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा मान राखला नाही तर तो कोण राखील, तेव्हा जा. ज्याला व्यक्तिशः काही मिळवावयाचे उरलेले नाही, त्यानेही जावयाचे. म्हणजे उपस्थितीचे प्रयोजन उपस्थित माणसाच्या लाभाने संपत नाही. त्याने तेथे असणे हे इतरांचे देणे आहे.

आता जो खरोखर येऊच शकत नाही त्याच्याविषयी. आजारी भिक्खूने आपली पारिसुद्धी, म्हणजे आपण शुद्ध आहोत हे निवेदन, दुसऱ्या भिक्खूकडे द्यावयाचे. खुणेने द्यावे, वाचेने द्यावे, पण द्यावे. देता येत नसेल तर त्याला खाटेवर किंवा पीठावर घालून संघामध्ये आणावे. हलविल्याने आजार बळावेल वा मृत्यू येईल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले तर त्याला हलवू नये. संघाने तेथे जाऊन उपोसथ करावा. मात्र त्याला वगळून, अपुऱ्या संघाने तो करू नये. पारिसुद्धी नेणाऱ्याचीही जबाबदारी ठरलेली आहे. तो वाटेतूनच दुसरीकडे निघून गेला तर पारिसुद्धी पोचली नाही असे मानावयाचे. संघापर्यंत पोचून तो ती सांगावयास विसरला, तर ती पोचली असे मानावयाचे; जाणूनबुजून सांगितली नाही, तर पोचली खरी, पण निरोप्या दोषी.

संकटकाळाचाही विचार येथे आहे. राजा, चोर, अग्नी, पाणी, श्वापद, जीविताला धोका असे दहा अंतराय सांगून, त्या वेळी पातिमोक्ख संक्षेपाने म्हणण्याची मोकळीक दिली आहे. तेव्हा साथीत उत्सव आखडते घेण्याला विनयाचा विरोध असता असे कोणी समजू नये. विधी आखडता घेता येतो, माणूस वगळता येत नाही, असा या सर्व नियमांचा एकत्रित अर्थ प्रस्तुत लेखक करतो.

त्यातून तीन प्रश्न हाती येतात. जो आला नाही त्याची आठवण समुदायाने ठेवली काय? त्याचे काही कोणी वाहून नेले काय? आणि ते शक्य नव्हते तेव्हा समुदाय त्याच्याकडे गेला काय?

आंगणेवाडी : विधी राहिला, जत्रा गेली

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीची जत्रा आता महाराष्ट्रभर परिचित आहे. भरडावर प्रकटली म्हणून देवी भराडी, असे तिच्या नावाविषयी सांगतात. या जत्रेला पंचांगातील ठरलेली तिथी नाही. दिवस देवीच्या कौलाने ठरतो. तो जाहीर झाला की मुंबईतील चाकरमानी रजा टाकतात व गाड्यांची तिकिटे काढतात. १७ फेब्रुवारी २०२० ची जत्रा नेहमीच्या लाखोंच्या गर्दीत पार पडली. त्यानंतर महिनाभराच्या आत, १३ मार्चपासून, राज्यात १८९७ चा साथरोग अधिनियम लागू करण्यात आला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली.

पुढच्या वर्षी ६ मार्च २०२१ रोजी जत्रा झाली ती आंगणे कुटुंबीयांपुरती. बाहेरच्या भाविकांनी येऊ नये असे सांगण्यात आले. ओटी भरणे, रात्रीचा ताटे लावण्याचा विधी, दुसऱ्या दिवशीची मोडजत्रा हे सारे ज्यांचे आहे त्यांनी केले. इतरांना पडद्यावर दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे लागले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. विधीच्या सातत्यासाठी पडद्याची काहीही आवश्यकता नव्हती. कॅमेरा नसता तरी ताटे लागली असती. ज्या गोष्टीला तंत्रज्ञानाने जिवंत ठेवले असे म्हटले जाते, ती स्वतःच्या बळावर जिवंत होती. पडद्याने राखली ती बाहेरच्या माणसाची ओढ; हे कार्य लहान नाही, पण ते वेगळे आहे.

जे राहिले नाही ते मात्र पडद्यावर दिसतच नव्हते. जत्रा म्हणजे खाजे आणि लाडवांची दुकाने, ओटीचे सामान विकणाऱ्या बाया, खेळणीवाले, हॉटेलवाले, रिक्षावाले, एस.टी.च्या जादा गाड्या, आणि वर्षभराने भेटणारी माहेरची माणसे. या साऱ्या जत्रेचे चित्रीकरण कोणी केले नाही, कारण चित्रीकरणासाठी ती उपलब्धच नव्हती. ज्या किनाऱ्यावर मासेमारी, आंबा-काजू आणि पर्यटन एवढ्यावर घर चालते, तेथे जत्रेच्या दोन दिवसांची कमाई ही अनेकांची पुढच्या काही महिन्यांची तजवीज असते. उत्सव जिवंत राहिला असे म्हणणाऱ्याने, हा भाग उत्सवात मोडत नाही असे तरी उघड म्हणावे, नाहीतर तो मेला होता हे कबूल करावे.

दशावताराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांतून दशावतारी नाटकमंडळ्या फिरतात. रंगभूषेचे सामान आणि पोशाख पेटाऱ्यात घालून रात्रीमागून रात्री त्या एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे जातात. आधी आड दशावतार, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला असा हा क्रम. संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले, बोलणे मात्र त्या रात्रीचे. समोरचे लोक हसले तर विनोद लांबतो, डुलक्या घेऊ लागले तर युद्ध लवकर सुरू होते. साथीच्या काळात काही प्रयोग फेसबुक आणि यूट्यूबवरून दाखविले गेले. कलावंतांनी ते हौसेने केले व परदेशातील मालवणी माणसांनीही पाहिले. परंतु समोर प्रेक्षक नसलेला दशावतार पाहणाऱ्यास हे चटकन जाणवते की नटाच्या वाक्याला उत्तर येत नाही. राजा दरबारात गर्जना करतो आणि ती मंडपाच्या कापडात विरून जाते. पडद्यामागचा प्रेक्षक अंगठ्याची खूण पाठवीत असेलही. ती नटापर्यंत पोचते तेव्हा प्रसंग पुढे गेलेला असतो. शिवाय दहीकाल्याचा प्रसाद घेण्यासाठी हात पुढे करावा लागतो, आणि तो पडद्यातून पुढे येत नाही.

चतुर्थी : जेथे निरोप पोचला

याच किनाऱ्यावर, याच काळात, याच साधनांनी दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती न्यायाने सांगितली पाहिजे.

कोकणातील गणपती मुख्यतः घरचा. बरेचदा साऱ्या भाऊबंदांचा मिळून एक. वर्षभर कुलूप लावलेले मूळ घर त्या दिवसांत उघडते. २०२० साली २२ ऑगस्टला चतुर्थी होती. मूर्तीच्या उंचीवर मर्यादा घालून, घरी दोन फूट व सार्वजनिक ठिकाणी चार फूट, शासनाने जुलैमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दर्शनाची सोय ऑनलाइन, केबल व फेसबुकवरून करावी असेही त्यांत होते. चाकरमान्यांना दहा दिवसांचे गृहविलगीकरण सांगण्यात आले. १२ ऑगस्टनंतर निघणाऱ्यांसाठी चाचणीची अट आली. ज्याच्या हाती एवढी रजा नव्हती तो मुंबईतच राहिला. जे पोचले त्यांच्याकडेही गावाने काही ठिकाणी संशयाने पाहिले, हे विसरता येत नाही. घरोघर फिरणारी भजने आणि त्यांच्यामागून येणारी काळ्या वाटाण्याची उसळ त्या वर्षी बंद होती.

अशा वेळी अनेक घरांत फोन माटवीसमोर टेकवून ठेवला गेला. गावात राहिलेला एखादा चुलता आरती म्हणे आणि परळच्या किंवा विरारच्या खोलीतून पुतण्या तीत सूर मिळवी. आवाज मागेपुढे होई, आरतीचा ताल मोडे. कलेच्या दृष्टीने हा प्रकार अगदीच सदोष. पण आपल्या तीन प्रश्नांवर तो उतरतो. कोण आला नाही हे त्या घराला नावानिशी ठाऊक होते. न आलेल्याच्या नावाने कोणीतरी दूर्वा वाहिली, त्याच्या वाट्याचा प्रसाद डब्यात घालून ठेवला आणि पुढे मुंबईला जाणाऱ्याच्या हाती दिला. फोन येथे पारिसुद्धी नेणाऱ्या भिक्खूचे काम करीत होता, किंवा अधिक नेमके सांगावयाचे तर, ते काम एक माणूस करीत होता आणि फोन त्याच्या हातात होता.

त्याच वर्षीच्या आषाढी वारीतही हे दिसले. ३० जून २०२० रोजी पालख्यांतील पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास नेण्यात आल्या. पायी वारी झाली नाही. तरीही न गेलेल्या लाखोंच्या वतीने काहीतरी प्रत्यक्ष वाहून नेले गेले, आणि म्हणूनच बहुधा त्या वर्षी वारी 'चुकली' असे म्हणताना वारकऱ्यांची जीभ अडखळते.

या दोन उदाहरणांवरून असा निष्कर्ष काढता येईल की साधन एकच असले तरी त्याचे दोन उपयोग आहेत. एकात ते निरोप्या असते. दुसऱ्यात ते खिडकी असते. निरोप्याला पाठविणारा आणि स्वीकारणारा दोघेही ठाऊक असतात. खिडकीतून पाहणाऱ्याला आतले लोक ओळखत नाहीत. त्यांना फक्त पाहणाऱ्यांची संख्या कळते.

आपल्या घरची गोष्ट

इतरांच्या जत्रेची समीक्षा करणे सोपे आहे. म्हणून आता आपल्याकडे वळू.

१४ एप्रिल २०२० ची आंबेडकर जयंती घराघरांत झाली. ७ मे २०२० ची बुद्धपौर्णिमा जगभर पडद्यावर साजरी झाली. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर येथून एकत्रित प्रक्षेपण करण्यात आले. ६ डिसेंबर २०२० रोजी चैत्यभूमीवर येऊ नये, घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले आणि दूरदर्शनवरून व मुंबई महापालिकेच्या समाजमाध्यमांवरून थेट प्रक्षेपण दाखविण्यात आले. आपल्या समाजाने ते आवाहन शिस्तीने पाळले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सहा डिसेंबरला दादरला जाणारा माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या दुकानांतून पिशवीभर पुस्तके घेऊन तो गावी जातो. कोकणातल्या कित्येक वाड्यांतील पहिले ग्रंथालय असे पिशवीतून आलेले आहे. प्रक्षेपणातून चैत्यभूमीचा स्तूप दिसला, पुस्तक आले नाही. जे आंगणेवाडीच्या खाजेवाल्याचे झाले तेच आपल्या छोट्या प्रकाशकाचे झाले.

आणि आता प्रस्तुत लेखकाची स्वतःची चूक. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून गेले. माड-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब पडले, आणि अनेक गावांत वीज येण्यास बरेच दिवस लागले. २६ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. आमच्या वाडीच्या विहारातील कार्यक्रम त्या वर्षी दूरदृश्य सभेच्या रूपाने घ्यावा असे ठरले, आणि प्रवचन शहरात राहणाऱ्या या लेखकाकडे आले. विषय होता रतनसुत्त. वैशालीत दुष्काळ व रोगराई पसरली असता आनंद थेरांनी नगरातून फिरत या सुत्ताचे पठण केले, ही अट्ठकथेतील हकीकत मी रंगवून सांगितली. पडद्यावरची श्रोत्यांची संख्या विहारातील नेहमीच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक होती. पुणे, ठाणे, एवढेच काय आखातातूनही आमच्या वाडीचे लोक आले होते. मला समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

आले नव्हते ते वाडीतले लोक. त्यांच्याकडे वीज नव्हती. ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होती. तरी त्या तासाभरात ती कोणाच्या मनात आली नाही. वाडीतील एक वृद्ध उपासिका, जिला आम्ही काकी म्हणतो, दर बुद्धपौर्णिमेला विहारातील पहिला दिवा लावीत असे. संपर्क सुरू झाल्यावर मी तिला फोन केला आणि कार्यक्रम चांगला झाला असे सांगितले. ती म्हणाली, "पुनव होती, मिया दिवो लावलंय. तुमच्यात कोणी इचारल्यान काय, काकी खंय आसा म्हणान?"

कोणीही विचारले नव्हते. आनंद थेर वैशालीच्या रस्त्यांतून फिरले, असे सांगणाऱ्यानेही नाही.

विनयात सीमेविषयी एक नियम आहे. नदीच्या दोन्ही तीरांना सामावून घेणारी सीमा एरवी ठरवू नये. तेथे नित्याची नाव किंवा नित्याचा पूल असेल तरच ठरवावी. खाड्यांच्या या प्रदेशात वाढलेल्या माणसाला या नियमाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. तर अधूनमधून चालते म्हणून पलीकडचा गाव आपल्या हाकेत आहे असे मानता येत नाही. फोनचे जाळे ही आमची तर होती, आणि ती त्या दिवशी बंद होती. टाळेबंदीच्या काळात सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीला अभ्यासासाठी नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावरच्या झोपडीत बसावे लागल्याची बातमी आम्ही सर्वांनीच वाचली होती. तिच्या जिद्दीचे कौतुक केले, आणि आपली सीमा मात्र नदीपार आखून मोकळे झालो.

एक रास्त आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आपल्यातूनच यावयास हवा. प्रत्यक्ष उपस्थितीचा एवढा गौरव बौद्धांनी का करावा? गावच्या उत्सवात आमच्या पूर्वजांची उपस्थिती सक्तीची होती. वाजविणे, दिवट्या धरणे, हाकारे घालणे ही कामे त्यांची, आणि उभे राहण्याची जागा देवळाच्या बाहेरची. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ती कामे आम्ही सोडली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. मानपान ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवणाऱ्या त्या गर्दीपेक्षा पडदा बरा. तेथे सर्वांचे अंतर सारखे असते. गाभाऱ्याचे जे दृश्य मानकऱ्याला दिसते तेच वाडीतल्या मुलालाही दिसते.

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातले तथ्य नाकारता येत नाही. परंतु २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो मूर्ती कशी दिसते हे पाहण्यासाठी नव्हता. माणूस म्हणून दारातून आत जाण्यासाठी होता. पडदा दर्शन देतो, प्रवेश देत नाही. आणि दर्शन मिळाल्याच्या समाधानात प्रवेशाचा प्रश्न मागे पडण्याची भीती असते. आंगणेवाडीचेच पाहा. हजारो पडद्यांवर देवी दिसत असतानाही प्रत्यक्ष विधीचे वर्तुळ आक्रसले ते कुळापर्यंत. साथीत ते अपरिहार्य होते, त्याला दोष नाही. पण पडद्यावरच्या समान अंतराने आतल्या वर्तुळाच्या रचनेत तसूभरही फरक पडला नाही, हे त्यातून दिसते. समानतेचा भास आणि समानता यांतला फरक ज्या समाजाने भोगून ओळखला आहे, त्याने तरी तो विसरू नये.

केवळ पाहण्याविषयी संयुत्तनिकायातील वक्कलिसुत्ताचा दाखला नेहमी दिला जातो. तथागतांचे दर्शन घेण्याची तळमळ लागलेल्या आजारी वक्कलीला त्यांनी सांगितले की या नाशवंत देहाला पाहून काय साधणार. जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. या वचनाच्या आधारे, देहाने जाण्यायेण्याला बौद्ध दृष्टीने महत्त्व नाही असे प्रतिपादन मी साथीच्या काळात एकाहून अधिक वेळा ऐकले. सुत्त मुळापासून वाचले तर मात्र वेगळे दिसते. वक्कली कुंभाराच्या घरी आजारी पडला होता. त्याने भिक्खूंकरवी वंदन पाठविले व येण्याची विनंती केली. ते वंदन पोचले. आणि तथागत उठून त्याच्याकडे गेले. देहदर्शनाचा उपयोग नाही, हे सांगावयासही ते त्याच्या खाटेपाशी जाऊन बसले. ज्यांना या सुत्तातले वाक्य आठवते त्यांना त्यातली पायपीट का आठवू नये?

समारोप

राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत उघडली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी आंगणेवाडीला पुन्हा भाविक आले. साथ ओसरली तरी प्रक्षेपण मात्र राहिले. आता बहुतेक मोठ्या उत्सवांचे ते एक अंग झाले आहे, आणि दानपेटीशेजारी क्यूआर कोडचा फलकही दिसतो. हे बंद करावे असे सुचविण्यात अर्थ नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना, आखातात नोकरीवर असलेल्या मुलांना त्याचा आधार आहे.

सुचवावयाचे ते इतकेच. प्रत्येक विहाराने उत्सवाच्या आधी, कोण येऊ शकणार नाही याची नावानिशी यादी करावी. प्रत्येक नावापुढे त्याच्याकडे जाणाऱ्या एका माणसाचे नाव असावे. फोन त्या माणसाच्या हातात असावा. त्या माणसाच्या जागी नसावा. आणि कार्यक्रमाच्या वृत्तांतात किती जणांनी पाहिला हे छापण्याआधी, किती जणांकडे कोणी गेले ते छापावे. आपल्या वाड्या लहान आहेत. हे काम एका सायंकाळचे आहे.

काकीने त्या पौर्णिमेला काय केले ते मी पुढे गावी गेल्यावर विचारून घेतले. वादळाने खळ्यात आणून टाकलेला पाचोळा तिने झाडून काढला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, चटई घातली, दिवा लावला आणि कोणी येईल म्हणून ती बसून राहिली. कोणी आले नाही, तेव्हा तिने एकटीनेच त्रिसरण-पंचशील म्हटले. उपोसथक्खंधकात, ज्या आवासात एकच भिक्खू असेल त्याने काय करावे ते सांगितले आहे. त्याने जागा झाडावी, पाणी ठेवावे, आसने मांडावीत, दिवा लावावा आणि बसावे. दुसरे कोणी आले तर त्यांच्यासह उपोसथ करावा. न आले तर, आज माझा उपोसथ आहे, असे अधिष्ठान करावे.

काकीला पाली येत नाही आणि हा नियम तिला कोणी सांगितलेला नव्हता. तो मी विद्यापीठात शिकलो आहे आणि पुढे शिकविलाही आहे. त्या रात्री तो पाळला गेला तो तिच्या खळ्यात. आमच्या सभेच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तिने दुसऱ्यांसाठी घातलेली चटई रिकामी राहिली, आणि ती रिकामी ठेवणारे आम्हीच होतो.